फोर्कलिफ्ट भार उचलेनाशी झाली तर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील. मराठी आणि इतिहास शिकवणारा बी.ए., बी.एड. मास्तर फोर्कलिफ्टवर काय बोलणार, अशी शंका कोणी काढली तर ती रास्तच आहे. त्याला माझे उत्तर असे की, माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही सारेच भाईजान म्हणतो, ते या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली पाने धरून मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले जातात कुठे, हे आठवून पाहा. कोणी भिवंडीच्या गोदामात, कोणी तळोज्याच्या कारखान्यात, कोणी १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या आसपासच्या कंटेनर यार्डात, आणि कोणी समुद्रापलीकडे आखातात. यांपैकी कितीतरी जण या ना त्या वेळी फोर्कलिफ्टच्या आसनावर बसतात किंवा तिच्या आसपास वावरतात. ज्या यंत्राशी आपल्या मुलांचा दिवसाचे आठ-दहा तास संबंध येतो, त्याविषयी शाळेने एक तासही बोलू नये, हे मला पटत नाही.

आज मी फोर्कलिफ्टच्या एकाच दुखण्याविषयी बोलणार आहे. लिव्हर ओढला, इंजिनाचा आवाज झाला, पण भार जमिनीवरून हलला नाही. अशा वेळी काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये?

ज्या माताभगिनींनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. समोर लोखंडाचे दोन लांब काटे असतात, ते लाकडी पॅलेटच्या खाली घालायचे. काटे एका उभ्या चौकटीवर सरकतात, तिला मास्ट म्हणतात. साधारणपणे मास्टमध्ये एकात एक बसलेल्या दोन चौकटी असतात. बाहेरची स्थिर, आतली वर जाणारी. चौकटीच्या बाजूला तेलाचे दोन सिलिंडर उभे असतात. काटे लोंबतात ते साखळीवर. गाडीच्या मागच्या बाजूला ओतीव लोखंडाचे जड धूड असते, ते पुढच्या भाराचा तोल सांभाळते. बाजारातल्या तराजूची एक बाजू म्हणजे काटे आणि दुसरी म्हणजे ते धूड, मधला टेकू म्हणजे पुढची चाके. अमेरिकेत क्लार्क कंपनीने १९१७ साली आपल्या कारखान्यात माल हलवण्यासाठी मोटारगाडी बनवली, तिथून या यंत्राचा वंश सुरू झाला असे मानतात. पण त्याचा जीव त्याहून जुना आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच माणसाने सांगितले. ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये त्या तत्त्वावर दाबयंत्र बनवून पेटंट घेतले. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात हा नियम दोन ओळींत येतो, मुले तो पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात.

तोच नियम गोदामात कसा भेटतो ते पाहा. इंजिन पंप फिरवते. पंप टाकीतले तेल ओढून व्हॉल्व्हकडे ढकलतो. चालकाने लिव्हर ओढला की व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरच्या तळाशी सोडतो आणि दांडा वर चढतो. आता थोडा हिशेब करू. हा हिशेब मी आपल्या विज्ञान शिक्षकांकडून तपासून घेतला आहे, तेव्हा निर्धास्त असा. सिलिंडरचा आतला व्यास ५ सेंटिमीटर धरा. एकाचे क्षेत्रफळ झाले साडेएकोणीस चौरस सेंटिमीटर, दोघांचे मिळून ३९. भार आहे २,००० किलो. काटे आणि त्यांना धरणारी पाठ यांचे वजन ३०० किलो धरा. एकूण २,३००. परंतु साखळीची मांडणी अशी असते की, दांडा १ फूट चढला की काटे २ फूट चढतात. वेग दुप्पट मिळाला की जोर दुप्पट द्यावा लागतो, निसर्ग काही फुकट देत नाही. म्हणून सिलिंडरला ४,६०० किलोचा जोर लावावा लागतो. ४,६०० भागिले ३९, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११८ किलो. घर्षण आणि आतल्या चौकटीचे वजन मी सोडून दिले आहे. मोटारीच्या टायरमध्ये हाच आकडा २ किंवा सव्वादोन असतो. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर दोन धडधाकट माणसे उभी आहेत अशी कल्पना करा, म्हणजे ११८ किलो म्हणजे काय ते कळेल.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे त्यावरच उभे आहे.

आता यंत्र भार उचलत नाही. नवखा मुलगा काय करतो? लिव्हर आणखी जोरात ओढतो. इंजिन आणखी पळवतो. मग मुकादम येतो, तो मुलाला शिव्या देतो. मग कोणीतरी हातोडा आणतो. भाईजानांचा शिरस्ता अगदी उलटा आहे. ते आधी लिव्हर सोडून देतात, काटे जमिनीवर टेकवतात, ब्रेक लावतात, आणि दोन मिनिटे गाडीभोवती नुसते फिरतात. हात पाठीमागे बांधून. लहानपणी मला वाटे, हे फुकट वेळ घालवीत आहेत. पण त्या दोन मिनिटांत त्यांचे निम्मे काम झालेले असते.

पहिली पाहणी यंत्राची नाही, भाराची. आपण जे उचलतो आहोत ते नक्की किती आहे? गोदामात पॅलेट एकामागे एक खेटून ठेवलेले असतात. पॅलेटची खोली १ मीटर असली आणि काटे त्याहून वीतभर लांब असले, तर काट्यांची टोके मागच्या पॅलेटखाली शिरतात. चालकाला वाटते एक उचलतोय, यंत्र मात्र दोन उचलू पाहते आहे. कधी पॅलेट शेजारच्या रॅकच्या पट्टीत अडकलेले असते. कधी पावतीवर लिहिलेले वजन मालाचे असते, लाकडी खोक्याचे नसते. पावसात भिजलेल्या गासड्या कोरड्या गासड्यांपेक्षा किती जड होतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आणि पाटी. प्रत्येक फोर्कलिफ्टवर धातूची एक पाटी असते. तिच्यावर किती भार, किती अंतरावर, किती उंचीपर्यंत, हे कोरलेले असते. मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे या पाटीविषयी मला विशेष ममत्व आहे. किती चालक ती वाचतात? भाईजान सांगतात की काही ठिकाणी गाडीला रंग काढताना पाटीवरही रंग फासलेला असतो. पाटीवर लिहिलेले असते, समजा, २,००० किलो, ५०० मिलिमीटरवर. याचा अर्थ भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरच्या आत असेल तरच २,००० किलो. तरफेचा नियम आठवा. पुढच्या चाकाचा आस ते काट्याची उभी बाजू हे अंतर ४०० मिलिमीटर धरले, तर भाराची भुजा ९०० झाली. २,००० गुणिले ९०० म्हणजे १८ लाख. आता एखादे यंत्र लांब खोक्यात असे भरले आहे की त्याचा जड भाग टोकाला गेला आणि मध्य ७०० मिलिमीटरवर सरकला. भुजा झाली १,१००. १८ लाख भागिले १,१००, म्हणजे १,६३६ किलो. तीच गाडी, तोच चालक, तेच काटे, पण साडेतीनशे किलोंहून अधिक ताकद गेली. हा हिशेब फक्त समजण्यासाठी आहे. प्रत्यक्षात पाटीवर आणि बनवणाऱ्याच्या पुस्तकात असेल तेच प्रमाण.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कळला नाही तर जिवावर बेतते. भार काट्याच्या टोकाकडे सरकला म्हणून सिलिंडरला फारसा फरक पडत नाही, त्याला वजन तेवढेच उचलायचे असते. म्हणजे यंत्राचे तेल भार उचलायला तयार असते आणि यंत्राचा तोल मात्र तयार नसतो. म्हणून दोन लक्षणे वेगळी ओळखायला शिका. काटे हलत नाहीत आणि तेलाचा चिरकणारा आवाज येतो, हे एक लक्षण. काटे हलत आहेत, पण गाडीची मागची चाके जमिनीवर हलकी होत आहेत, हे दुसरे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे मागची बाजू हलकी झाली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. पहिल्या लक्षणात गाडी काम करायला नकार देते. दुसऱ्यात ती उलटण्याच्या बेतात असते.

माझा एक जुना विद्यार्थी, नाव सांगत नाही, एका गोदामात कामाला होता. तिथे अशीच मागची चाके उचलली गेली, तेव्हा मुकादमाने दोन हमालांना गाडीच्या मागच्या धुडावर चढून उभे राहायला सांगितले. हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो, आणि चालवणाऱ्यांना त्यात शहाणपण वाटते. दोन माणसे म्हणजे दीडशे किलो, तेवढा तोल भरून निघेल! मुलगा आसनावरून खाली उतरला. म्हणाला, "मामू, या दोघांना खाली उतरवा, तेव्हाच मी लिव्हरला हात लावीन." मुकादम त्याच्या वडिलांच्या वयाचा. मुलाला त्या दिवशी बरेच ऐकून घ्यावे लागले आणि दिवसाची मजुरीही बुडाली. दुसऱ्याने गाडी चालवायला घेतली, ती मागे घेतली, तेव्हा दिसले की काट्यांची टोके मागच्या पॅलेटखाली एक हात गेली होती. काटे थोडे बाहेर ओढून घेताच एक पॅलेट सुखाने उचलला गेला. त्या मुलाला शाळेत गणितात फार गुण नव्हते. पण ते दोन हमाल त्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले, आणि माझ्या मते त्याची मजुरी सत्कारणी लागली.

भार ठीक आहे असे ठरले, की मग यंत्राकडे वळायचे. भार बाजूला ठेवून रिकामे काटे वर नेऊन पाहा. रिकामे काटे चढतात का? मास्ट पुढे-मागे कलतो का? पंप कसा आवाज करतो? या तीन उत्तरांनी दुखणे कुठे आहे ते बरेचसे उघडे पडते.

काहीच हलत नाही आणि पंपाचा आवाजही नाही, तर तेलाच्या मागे लागू नका. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांत फ्यूज, वायर आणि आसनाखालचा स्विच पाहा. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत चालक आसनावर नीट बसलेला नसेल तर काटे चालतच नाहीत. अर्धवट बसून, मागे वळून लिव्हर ओढणारा मुलगा गाडी बिघडली म्हणून ओरडतो, आणि गाडी तर आपले कर्तव्य करीत असते. अनेक बॅटरी गाड्यांत आणखी एक सोय आहे. बॅटरी ठराविक पातळीखाली उतरली की उचलणे बंद होते, चालणे मात्र सुरू राहते, म्हणजे चालकाला गाडी चार्जिंगच्या जागेपर्यंत नेता यावी. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो, गाडी तर पळते, मग बॅटरी कशी उतरली असेल?

पंप कुरकुरतो, किंचाळतो, काटे धक्के खात चढतात, अर्ध्यावर थांबतात, असे असेल तर तेलाची टाकी. मास्ट पूर्ण खाली आणि काटे जमिनीवर टेकलेले असतानाच तेल मोजावे, असे प्रत्येक पुस्तकात सांगितलेले असते, पण का ते कोणी विचारत नाही. आपल्या मघाच्या सिलिंडरांकडे परत जाऊ. काटे ३ मीटर चढायचे तर दांडा दीड मीटर चढतो. ३९ चौरस सेंटिमीटर गुणिले १५० सेंटिमीटर म्हणजे ५,८५० घन सेंटिमीटर, जवळजवळ ६ लिटर. एवढे तेल टाकीतून निघून सिलिंडरांत जाऊन बसते. काटे वर असताना टाकी पाहिली तर ती रिकामी वाटणारच. कोणी त्या वेळी ६ लिटर ओतले, तर काटे खाली येताना तेच तेल टाकीच्या तोंडातून बाहेर येईल. याच्या उलट, टाकीत खरोखरच तेल कमी असेल तर काटे निम्म्यापर्यंत सुरळीत चढतील आणि तिथे थांबतील, कारण पुढे ओढायला तेलच उरले नाही. एका गुणाकाराने एवढे कळते.

तेल नुसते मोजू नका, पाहाही. दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी किंवा हवा मिसळली आहे. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांना ही बाधा अधिक. पाणी दाबले जात नाही, पण ते यंत्र आतून गंजवते. हवा दाबली जाते, आणि म्हणून काटे स्पंजावर ठेवल्यासारखे दचकतात. तेल भरपूर असून पंप किंचाळत असेल तर टाकीतली गाळणी चोंदलेली असू शकते. कोणी इंजिनाचे जुने तेल ओतले असेल, तर त्याचे परिणाम यथावकाश दिसतात. तेल सकाळी थंड आणि दाट असते, दुपारी तापून पातळ होते. पंप झिजलेला असला तर पातळ तेल त्याच्या फटींतून मागे निसटते. म्हणून सकाळी उचलणारी गाडी दुपारी उचलत नाही. आखातात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तिथे काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे लक्षण चांगले परिचयाचे आहे. "सकाळी चालते, दुपारी रुसते" हे वाक्य चालकाने सांगितले तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

आता सर्वांत फसवे दुखणे. रिकामे काटे झरझर चढतात, मास्टही कलतो, १ टन उचलला जातो, आणि २ टन म्हटले की गाडी जागची हलत नाही. माताभगिनींनो, कुकरची शिट्टी तुम्ही रोज पाहता. आत वाफ जास्त झाली की शिट्टी वर उचलली जाते आणि वाफ निघून जाते, त्यामुळे कुकर फुटत नाही. फोर्कलिफ्टमध्येही तशीच शिट्टी असते, तिला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ती उघडते आणि तेल परत टाकीत सोडते. भार फार झाला की जो चिरकणारा आवाज येतो तो याच वाटेने धावणाऱ्या तेलाचा. समजा या व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली, किंवा बारीक कचरा अडकून तो पुरता मिटेनासा झाला, आणि तो ७० किलोंच्या दाबालाच उघडू लागला. ७० गुणिले ३९ म्हणजे २,७३०. साखळीमुळे निम्मे, म्हणजे १,३६५. काट्यांचे ३०० वजा केले, उरले १,०६५ किलो. जेमतेम १ टन. आणि रिकाम्या काट्यांना किती दाब लागतो? ६०० भागिले ३९, फक्त १५. म्हणून रिकामे काटे सुखाने चढतात. बाहेरून काहीच मोडलेले दिसत नाही, तरी गाडी अर्ध्या ताकदीची झालेली असते. मास्ट कलतो म्हणून पंप ठणठणीत आहे असेही म्हणता येत नाही, कारण कलायला तितका दाब लागत नाही.

या व्हॉल्व्हला एक स्क्रू असतो, आणि तो स्क्रू हेच मोठे संकट आहे. दोन आटे आवळले की गाडी पुन्हा २ टन उचलते, मुकादम खूश होतो, आणखी दोन आवळले की अडीचही उचलते. हे म्हणजे कुकरच्या शिट्टीवर पाटा ठेवण्यासारखे आहे. दाबमापक लावल्याशिवाय आणि बनवणाऱ्याने किती आकडा दिला आहे ते पाहिल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये, चालकाने तर मुळीच नाही. होज पाइप, साखळी, सिलिंडर हे सारे त्या मर्यादेचा विचार करून बनवलेले असते. आणि दुखणे स्क्रूचे नसून झिजलेल्या पंपाचे असेल, तर आवळून उपयोग तर नाहीच, वर कोणीतरी पुढे पंप बदलील तेव्हा त्या नव्या पंपाच्या पुढ्यात बंद दार उभे राहील.

काटे चढतात पण भार घेऊन हळूहळू आपोआप खाली बसतात, हे आणखी वेगळे. तेल कुठून तरी निसटते आहे. सिलिंडरच्या सीलमधून निसटत असेल तर पुष्कळदा दांड्यावर ओघळ दिसतो, व्हॉल्व्हमधून निसटत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. त्याचा निवाडा मेकॅनिकवर सोडावा. पण अशी गाडी लक्षात आल्यावर तिच्यावर भार लटकत ठेवून चहाला जाऊ नये. उचललेल्या काट्यांखाली तर कधीच कोणी उभे राहू नये, गाडी नवी कोरी असली तरी.

आणि गळती हाताने शोधू नये. हे मी दोनदा सांगतो. गळती हाताने शोधू नये. होजला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर त्यातून जी धार निघते ती डोळ्याला नीट दिसतही नाही, पण मघाचा ११८ हा आकडा तिच्या मागे असतो. ती कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही, आणि माणूस हात पुसून कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या पेशी नासवीत जाते. अशा वेळी मलम लावून घरी बसायचे नाही. तेल आत शिरले आहे असे स्पष्ट सांगून तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचे. उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. गळतीचा संशय आलाच तर पुठ्ठ्याचा तुकडा दूरून फिरवावा.

पालकहो, तुमच्याशी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मुलगा इंजिनियर झाला तर अभिमान, आणि गोदामात गाडी चालवू लागला तर "काय करणार, डोक्याने कमी आहे", हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मघापासून जे सांगितले त्यात डोके नाही तर दुसरे काय आहे? क्षेत्रफळ, भागाकार, तरफ, पास्कल, हे सारे दहावीच्या आतले आहे. दुबईत या गाडीसाठी वेगळा परवाना काढावा लागतो. जो मुलगा कारणे समजून तिथे जातो तो चार वर्षांत मेकॅनिकच्या शेजारी बसतो, आणि जो नुसता लिव्हर ओढायला शिकून जातो तो चार वर्षांनीही लिव्हरच ओढत असतो. आयटीआयचा फॉर्म भरताना लाजू नका. मुलींसाठीही भरा. गोदामातल्या बॅटरी गाडीला दंडाची ताकद लागत नाही, लक्ष लागते.

भाषाशिक्षक म्हणून माझी एक जुनी तक्रारही इथे मांडून घेतो. भाईजानांना जे फोन येतात त्यांतले बहुतेक तीन शब्दांचे असतात, "गाडी बंद आहे." कोणती गाडी, रिकामी उचलते का, किती भार होता, आवाज कसा होता, दुखणे एकदम आले की हळूहळू वाढले, आदल्या दिवशी कोणी काही उघडले होते का, यांपैकी काहीच नाही. आपण वर्गात "पावसाळ्यातील एक दिवस" यावर वीस ओळी लिहून घेतो. या वर्षी मी नववीला "एका बिघडलेल्या वस्तूचे वर्णन" असा विषय दिला, अट एवढीच की वाचणाऱ्याला वस्तू न पाहता बिघाड कळावा. सायकल, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, अशा चाळीस वह्या आल्या. सहा वह्या अशा होत्या की मी त्या भाईजानांना वाचून दाखवल्या, आणि त्यांनी ऐकूनच दुरुस्ती सांगितली.

विद्यार्थी मित्रहो, हे सारे हाताने करून पाहायचे असेल तर औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन कोऱ्या सिरिंज आणा, एक लहान, एक मोठी. दोन्हींच्या तोंडांना पातळ प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवा आणि आत पाणी भरा, हवा मुळीच राहू देऊ नका. मोठीच्या दट्ट्यावर जाडजूड पुस्तक ठेवून लहान सिरिंज बोटाने दाबा. पुस्तक उचलले जाईल, पण तुमचे बोट जितके सरकेल त्याहून ते कमी सरकेल. मग नळीत मुद्दाम एक मोठा बुडबुडा घेऊन तेच करा आणि पुस्तक उचलण्याआधी बोट किती फुकट सरकले ते पट्टीने मोजा. शेवटी नळी एका टोकाला थोडी सैल करा. मोठा दट्ट्या रिकामा असताना वर जाईल, पुस्तक ठेवले की नळीच्या तोंडातून थेंब टपकतील आणि पुस्तक जागचे हलणार नाही. किती पानांची वही उचलली जाते आणि किती पानांची नाही, ते लिहून ठेवा आणि सोमवारी प्रयोगशाळेत घेऊन या.